पत्त्यांच्या पोटातली मरिया

ब्रिजिदाच्या अंगाला खळीचा वास यायचा. चर्चमध्ये तिच्या शेजारी बसणाऱ्या बायका तोंडानं काही म्हणायच्या नाहीत, पण उन्हाळ्यात जरा सरकून बसायच्या. ब्रिजिदाला त्याचं काही वाटत नसे. तीस वर्षं जिनं गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, तिच्या अंगाला गुलाबपाण्याचा वास यायचा कुठून? आणि आता तर गुलाबपाणी विकणाऱ्यांचीच पाचावर धारण बसली होती. फ्लोरेन्स शहराला देवाचं वेड लागून तिसरं वर्ष चाललं होतं.

ती पत्तेवाली. नदीपलीकडच्या सान फ्रेदियानोच्या वस्तीत तिचं एका खोलीचं दुकान होतं. नवरा नोफ्री नासपतीच्या लाकडावर ठसे कोरायचा आणि छापायचा, ती चिकटवायची, दाबायची, कापायची. नोफ्रीचा हात मोठा गोड. पाच दिवस तो राजे, राण्या, घोडेस्वार आणि गुलाम कोरायचा. तिथल्या पत्त्यांत बदाम-इस्पिक नसत, पेले, तलवारी, नाणी आणि सोटे असत. सहाव्या दिवशी, जत्रेत विकायला, संत आणि मरियामाता. "पाच दिवस मी सैतानाचा नोकर आणि सहाव्या दिवशी देवाचा," असं तो स्वतःच हसत सांगायचा. देव त्याच्यावर रागावला असावा असं वाटत नाही, कारण मरताना त्याला फार त्रास झाला नाही.

आता पत्ता कसा होतो, हे थोडं सांगायला हवं. एका कागदाचा पत्ता दोन डावही टिकत नाही. वर चित्राचा कागद, मागे नक्षीचा कागद आणि मध्ये, कुणाला दिसत नाही अशा जागी, तिसरा कागद. तिघांना खळ लावायची, दगडाखाली दोन दिवस दाबायचं, मग कुठे पत्ता हातात खणखणीत लागतो. मधल्या कागदाला कुणी चांगला कागद वापरत नाही. जुन्या वह्या, नोटरीकडची रद्दी, जे मिळेल ते चालतं.

आणि नोफ्रीच्या दुकानात रद्दी कसली निघायची? बिघडलेल्या छाप्यांची. शाई फासली, कागद सरकला, माउलीला दोन नाकं आली. असा कागद विकता येत नाही आणि टाकताही येत नाही. ब्रिजिदाला तिच्या आईनं लहानपणी बजावलं होतं, की देवाचा चेहरा विस्तवात जाता कामा नये आणि पायाखाली येता कामा नये. मग त्याचं करायचं काय? ब्रिजिदानं नवी नवरी असतानाच त्यावर तोडगा काढला. बिघडलेल्या मरियामातेला ती ओठ लावायची, "झोप गं माउली, इथं तुला कुणी बघणार नाही," असं पुटपुटायची आणि दोन कागदांच्या मध्ये चिकटवून टाकायची. त्यात कागदाचा पैसा वाचायचा, हेही खरंच. पण ती हे श्रद्धेनं करायची, यात तिळमात्र शंका नाही. तीस वर्षं तिनं हेच केलं. नदीच्या दोन्ही काठांवरच्या गुत्त्यांत तिचे पत्ते आपटले जात होते आणि प्रत्येक पत्त्याच्या पोटात कुणी ना कुणी संत झोपला होता.

तिच्या मनाला हे कधी टोचलं नाही. टोचावं असं काही होतंय, हेच तिला उमगलं नव्हतं.

मग सान मार्कोच्या मठातला एक साधू प्रवचनातून बोलू लागला आणि शहर रडू लागलं. त्याच्या माणसांना टवाळखोर 'रडवे' म्हणायचे, पण दबक्या आवाजात. जुगार बंद झाला, नाच बंद झाला, बायकांच्या केसांतली गंगावनं गेली. नोफ्री तोवर वारला होता. ब्रिजिदानं पत्त्यांचे ठसे स्वतःच्या हातानं फोडून चुलीत घातले, दोन दिवस रडली आणि नुसत्या मरियेचा ठसा ठेवून तेवढीच छापू लागली. पोट अर्धं भरायचं, पण जीव निर्धास्त होता.

निर्धास्त म्हणजे तरी किती? त्याच गल्लीत लोकर पिंजणारा गोरो राहायचा. फाशांत हरल्यावर त्यानं मरियामातेला शिवी हासडली होती. शहराच्या पंचांनी त्याच्या जिभेत खिळा ठोकला. आता तो उंबऱ्यावर बसून खुणेनं पाणी मागायचा. त्याचं नाव कुणी दिलं? त्याच्याच पुतण्यानं. पुतण्या बारा वर्षांचा.

कारण साधूनं पोरांची फौज उभी केली होती. पांढरे झगे, डोक्यावर ऑलिव्हच्या पानांचे गजरे, हातात लाल क्रूस. ही पोरं दारोदार जायची आणि आरसे, पत्ते, वीणा, मुखवटे, उघडी चित्रं, चावट पुस्तकं मागायची. नाही म्हणणाऱ्याच्या दारात उभं राहून गाणी म्हणायची. ती गाणी ऐकून भल्याभल्यांचे हातपाय गार पडत. पोरांनी शपथ घेतली होती, की देवाची निंदा करणारा कुणीही असो, अगदी सख्खी आई असो, त्याचं नाव द्यायचं.

ब्रिजिदाचा नातू बेत्तो त्यांच्यातलाच. अकरा वर्षांचा. आईबाप तापाच्या साथीत गेले, तेव्हापासून आजीजवळ, त्याच्या नोन्नाजवळ. अंगानं काडी, पण डोळे असे की समोरच्यानं खोटं बोलायचा विचारही करू नये. सकाळ-संध्याकाळ आजोबांच्या हातच्या मरियेपुढे गुडघे टेकायचा. ब्रिजिदाचा त्याच्यावर जीव होता आणि तिला त्याची भीतीही वाटू लागली होती. ज्याचं शेंबडं नाक आपण पुसलं, त्याच्यासमोर जपून बोलायची वेळ यावी, याहून वाईट काय?

कार्निव्हलचा, म्हणजे चाळीस दिवसांच्या उपासाआधीच्या सणाचा, सोमवार. दुसऱ्या दिवशी पोरांनी गोळा केलेलं सगळं चौकात जाळायचं होतं. सकाळीच बेत्तो पाठीवर पोतं घेऊन घरात शिरला. पोत्यातून लाल पाणी ठिबकत होतं.

"नोन्ना, हे चुलीपाशी ठेव. ओलं झालंय. उद्या पेटायला हवं."

"काय आहे रे?"

"पत्ते. आपल्या वस्तीतल्या सगळ्या गुत्त्यांतले. तो चापो गुत्तेवाला काय म्हणाला माहितेय? 'घ्या, पवित्र पोरांनो, तुमच्या पत्त्यांना बाप्तिस्माही देतो.' आणि अख्खी सुरई ओतली वर!"

"त्याची वाइन बघता, पत्त्यांना पाणीच लागलं असेल," ब्रिजिदा म्हणाली.

बेत्तो हसला नाही. "उद्या दुपारी गाडी येईल. मी निघतो, अजून दोन गल्ल्या राहिल्यात." आणि गेला.

ब्रिजिदानं पोतं जमिनीवर रिकामं केलं. तिचेच पत्ते, तिच्या कात्रीचे, तिच्या दगडाखालचे. क्षणभर तिला बरं वाटलं, दूर गेलेली लेकरं भेटावीत तसं. तिनं पेल्यांचा गुलाम उचलला, तेवढ्यात भिजलेला वरचा कागद सालीसारखा सुटून तिच्या अंगठ्याला चिकटला. खालून मरियामाता वर बघत होती. शाई फासलेली, दोन नाकांची, पण मरियामाताच.

ब्रिजिदानं तो कागद अंगठ्यावरून सोडवून बाजूला ठेवला.

तिनं दुसरा पत्ता उचलला. संत अंतोनी. तिसरा, पुन्हा मरिया. तीस वर्षांत जे मनात आलं नव्हतं ते एका दमात आलं. या माउलीवर दारुड्यांनी थुंकलं होतं. हरल्यावर तिला भिंतीवर फेकलं होतं. गोरोनं नुसती शिवी दिली तर त्याच्या जिभेत खिळा गेला. मग जिनं मरियामातेला तीस वर्षं गुत्त्याच्या टेबलावर आपटायला दिलं, तिचं काय करतील? आणि उद्या साऱ्या शहरासमोर हे चेहरे विस्तवात जाणार. उद्याचं उद्या, पण आज संध्याकाळीच बेत्तो येऊन हे पोतं उघडणार. तो बघणार. तो शपथेचा पक्का आहे. तो नाव देणार.

चुलीत टाकावेत? देवाचा चेहरा स्वतःच्या चुलीत, हे तिच्या हातून होणं शक्य नव्हतं. नदीत? कागद तरंगतो आणि पुलावर पोरांचा पहारा. मग तिनं तेच केलं जे तिला येत होतं. तिनं खळ शिजवायला ठेवली.

उद्या जाळायचे पत्ते ती आज चिकटवायला बसली. एकेक पत्ता पुसायचा, चेहऱ्याला ओठ लावायचे, वर गुलाम दाबून बसवायचा. दुपार कलली तेव्हा दारात शेजारीण केका उभी.

"बाई गं! उद्या मरायचं त्याला आज औषध पाजतेस?"

ब्रिजिदाचा ब्रश खळीत पडला. "सुटे झाले होते. वाऱ्यानं उडाले आणि एखाद्या जुगाऱ्याच्या हाती लागले तर?"

"हं." केकानं मान वाकडी करून ढिगाकडे पाहिलं. "बेत्तोनं सांगितलं चिकटवायला?"

"तो कशाला सांगतोय. माझं मीच."

"मग दार तरी लावून घे बये. रस्त्यावरनं जाणाऱ्याला काय दिसतं? ब्रिजिदा पुन्हा पत्ते करायला लागली, एवढंच. मी नाही बोलणार कुणाला. पण माझा धाकटापण त्या झग्यात हिंडतो आता, त्याच्यापुढे मीच उसासा टाकताना विचार करते."

केका गेली. ब्रिजिदानं दार लावून घेतलं आणि घाई केली. घाई! तीस वर्षं हाताखालच्या मुलींना शिकवत आली होती, की खळीला घाई चालत नाही. दोन दिवस दगडाखाली ठेवायचे ते पत्ते तिनं दोन तासही ठेवले नाहीत. दिवेलागणीला बेत्तो आला तेव्हा गठ्ठे बांधून तयार होते. त्यानं एक गठ्ठा हुंगला.

"खळ लावलीस?"

"सुटत होते रे."

त्यानं आजीच्या गालाला गाल लावला. "बरं केलंस. आता नीट रचता येतील." तेवढ्या कौतुकानंही तिला घाम फुटला.

मंगळवारी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध लाकडाचा मनोरा, सात पायऱ्यांचा, घरांच्या वर गेलेला. खोटे केस, अत्तरं, मुखवटे, वीणा, बुद्धिबळाचे पट, बायकांची उघडी चित्रं, जाडजूड पुस्तकं. एवढं सगळं सुंदर एका जागी कुणी आजवर पाहिलं नव्हतं आणि जो तो त्याच्याकडे बघायला घाबरत होता. न जाणो, डोळ्यांतला मोह कुणाला दिसला तर! पत्ते तिसऱ्या पायरीवर होते. ब्रिजिदा पोरांच्या रांगेच्या मागे उभी होती. यायला नको होतं, पण न येणाऱ्यांचीही नोंद होत होती.

तुताऱ्या वाजल्या, घंटा वाजल्या, चार बाजूंनी मशाली लागल्या. पोरं गाऊ लागली. बेत्तोचा आवाज तिला हजारात ओळखू आला असता.

ज्वाळा तिसऱ्या पायरीपर्यंत आल्या आणि फट् असा आवाज झाला. मग फट् फट् फट्, तव्यावर दाणे फुटावेत तसा. लोक दचकले. ब्रिजिदाला एका क्षणात कळलं. ओली खळ! आत कोंडलेलं पाणी तापून वाफ झालं होतं. जुने, कोरडे पत्ते निमूट जळून गेले असते. तिनं चिकटवलेले फुटत होते, आणि फुटून उघडत होते. सुटे कागद धगीवर उचलले गेले, कडा पेटलेले, आणि चौकावर गोल गोल फिरत खाली येऊ लागले.

गच्चीवर श्रीमंतांची काही टवाळ तरुण पोरं उभी होती. त्यातला एक ओरडला, "वा रे भक्तांनो! मरियामातेलाच भाजायला काढलंत की!"

गाणं तुटलं. लोक वर बघू लागले. एका बाईनं किंकाळी फोडली. अर्धा जळलेला एक कपटा पोरांच्या रांगेपुढे पडला. कुर्रादोनं तो उचलला. कुर्रादो त्यांचा म्होरक्या, पंधरा वर्षांचा, कापडवाल्याचा मुलगा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे पत्त्यात होतं? पत्त्यात मरियामाता? कुणाची करणी आहे ही?" त्यानं रांगेवरून नजर फिरवली. "बेत्तो! तू पत्त्यांच्या घरातला. ये इकडे. कुणाच्या हातचं आहे हे?"

बेत्तोनं कपटा हातात घेतला. ब्रिजिदा त्याच्यापासून दहा पावलांवर होती. त्या कपट्यावर एक मुकुट, एक डोळा आणि गालाचा थोडा भाग उरला होता. पण ज्यानं रोज दोनदा त्या चेहऱ्यापुढे गुडघे टेकले, त्याला एवढं पुष्कळ होतं. त्यानं ओळखलं. ओळखलं हे तिला त्याच्या मानेवरून कळलं. मान एकदम ताठ झाली. मग त्यानं वळून आजीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तो नुसता विचारत होता. आता देईल नाव, आता, असं वाटून ब्रिजिदानं डोळे मिटले.

"ही मरियामाता नाही," बेत्तोचा आवाज आला. "पेल्यांची राणी आहे. मुकुट बघ ना. आमच्या धंद्यात राणीला असाच मुकुट काढतात. मधला कागद म्हणून पत्त्याचा बिघडलेला छापा वापरला असेल कुणीतरी."

"नक्की?" कुर्रादोनं विचारलं. "शपथेवर सांगतोस?"

"शपथेवर."

ब्रिजिदानं डोळे उघडले. कुर्रादोचा विश्वास बसत नव्हता. तो पुन्हा कपट्याकडे हात करत होता. बेत्तोनं त्याला तो दिला नाही. चार पावलं पुढे गेला, धगीनं झगा पिवळा पडेल इतका जवळ, आणि त्यानं मरियामातेचा चेहरा स्वतःच्या हातानं विस्तवात टाकला.

मग कुणी काय शंका घेणार? "राणी आहे, राणी!" असं पोरं ओरडली. कुर्रादोनं गाणं पुन्हा सुरू केलं. गच्चीवरच्या टवाळांवर शेण फेकलं गेलं आणि लोकांना तेच जास्त आवडलं.

त्या रात्री, दुसऱ्या सकाळी, पुढचे सगळे दिवस बेत्तो मरियेच्या चित्रापुढे गेला नाही. जेवायला बसला की भिंतीकडे पाठ करून बसायचा. सुटल्याचा आनंद ब्रिजिदाला झाला नव्हता असं नाही. पहिल्या दोन रात्री ती गाढ झोपली, हे ती स्वतःला कधी माफ करू शकली नाही.

ईस्टर जवळ आला. झग्यातली सगळी पोरं मठात पापनिवेदनाला निघाली. बेत्तो विहिरीच्या कट्ट्यावर पाय हलवत बसला.

"गेला नाहीस?" ब्रिजिदानं विचारलं.

"जाऊन काय सांगू?"

"असेल ते सांग. साधू कुणाला बोलत नाही. ते गुपित असतं."

"गुपित असतं, पण क्षमा नसते." बेत्तोनं समजावून सांगावं तसं सांगितलं. "आमच्या शपथेतच आहे, नोन्ना. निंदकाचं नाव लपवलं तर ते उघड सांगितल्याशिवाय क्षमा नाही. साधू म्हणणार, आधी नाव दे, मग ये."

"मग? काय करणार आहेस?"

"काही नाही. ईस्टरला ख्रिस्तप्रसाद घेणार नाही."

वर्षभर ज्या दिवसाची तो वाट बघत होता, त्याच्याबद्दल त्यानं हे बाजारातून कांदे आणायचे नाहीत अशा सुरात सांगितलं.

"असं किती दिवस चालायचं रे?"

त्यानं याचा विचार आधीच करून ठेवला होता. "तू मरेपर्यंत. तू मेलीस की सांगेन. मग तुला कुणी काही करू शकणार नाही."

"आणि त्याच्याआधी तुलाच काही झालं तर? परवा पलीकडच्या गल्लीत दोन पोरं तापानं गेली."

बेत्तोनं खांदे उडवले. "तर मग नरक." मग म्हणाला, "मी मोजलंय सगळं. तू काळजी करू नकोस."

ब्रिजिदा घरात गेली. तिनं हात धुतले, दोनदा धुतले, डोक्याला फडकं बांधलं. तिला भीती वाटत होती, इतकी की दाराची कडी हाताला लागेना. खिळ्याची भीती, चौकात उभं करण्याची भीती, आणि आपल्यामागं या पोराला भाकरी कोण देईल याची भीती. ती भीती घेऊनच ती पूल ओलांडून गेली. बेत्तोला तिनं सांगितलं, की कागद आणायला चाललेय.

मठाच्या दारावरचा म्हातारा साधू कंटाळलेला होता. त्या दिवसांत त्याच्याकडे रोज माणसं यायची, शेजाऱ्याचं, भावाचं, सुनेचं नाव घेऊन. त्यानं ब्रिजिदाकडे नीट पाहिलंही नाही. वही ओढली, बोरू शाईत बुडवला.

"बोला बाई. कुणाचं नाव द्यायचंय?"

"ब्रिजिदा," ती म्हणाली. "नोफ्री ठसेवाल्याची विधवा. सान फ्रेदियानोला राहते."

"तिनं काय केलं?"

"आधी नाव लिहून घ्या," ब्रिजिदा म्हणाली. "आणि पुढे हेही लिहा, की हे नाव तिच्या नातवानं दिलंय, त्यानंच सांगायला पाठवलंय."